नंबर मारायला शिकताना

आधीच सांगते, काठी फिरवायला शिकवतील या आशेने कुणी आर्निसच्या, म्हणजे फिलिपिन्सच्या काठीच्या युद्धकलेच्या, क्लासला जाणार असेल तर पहिले बरेच आठवडे नुसता वैताग येणार आहे. मलाही आला. मी साताऱ्याची, शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठीकाठी बघत मोठी झाले, त्यात माणसाच्या उंचीची काठी दोन्ही हातांत धरून अशी गरगर फिरवतात की मधला माणूसच दिसेनासा होतो, त्यामुळे काठी म्हणजे फिरवणं हेच डोक्यात फिट बसलेलं. इथे काठी २८ इंचाची, वेताची, एका हातात धरायची, आणि तिचं करायचं काय तर एका जागी उभं राहून नंबर मारायचे, म्हणजे प्रत्येक वाराला एक नंबर असतो, तो वार मारायचा. १. परत १. परत १. गुरो, म्हणजे शिकवणारे, समोर उभे राहून नुसते बघणार, आणि मध्येच म्हणणार, कंबर कुठंय तुझी?

मी नोकरीनिमित्त मनीलात असते, मकातीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. क्लास असा नाहीच खरं तर, रविवारी सकाळी लुनेतात झाडाखाली जमायचं एवढंच. लुनेता म्हणजे रिझाल पार्क, मनीला बेच्या काठाजवळची मोठी बाग, रविवारी तिथे सकाळी सकाळी झुंबावाल्या बायका, कुटुंबंच्या कुटुंबं चटया टाकून बसलेली, आणि अधूनमधून झाडांखाली काठ्यांचा टकटक आवाज करणारे आमच्यासारखे ग्रुप. आयालावरून एमआरटी, ताफ्तला बदलून एलआरटी, युनायटेड नेशन्सला उतरून चालत. सातच्या आत पोचलं पाहिजे, कारण एप्रिल-मेमध्ये नऊनंतर तिथे उभंसुद्धा राहवत नाही, आणि पावसाळ्यात तर किती वाजता काय होईल देव जाणे.

आमचे गुरो साठीच्या पुढचे, जहाजावर नोकरी करून रिटायर झालेले, लहानपणी नेग्रोस बेटावर काकांकडून शिकले. फी विचारली तर म्हणाले पाण्याच्या बाटल्या आण सगळ्यांसाठी. ग्रुपमध्ये मी सोडून सगळे फिलिपिनो, आणि निम्मी शाळा-कॉलेजची पोरं. त्यांना हे नवीन नाही, कारण २००९ मध्ये इथे कायदा झाला, रिपब्लिक ॲक्ट ९८५०, आर्निस हा देशाचा राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय मार्शल आर्ट म्हणून जाहीर झाला आणि शाळेच्या पीटीत आला. म्हणजे माझा पार्टनर जो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा आहे, मला आते म्हणतो, आते म्हणजे ताई, तो शाळेत हे मार्कांसाठी करून आलेला, आणि मी तिशी ओलांडून पहिल्यांदा काठी हातात घेतलेली.

लुनेतातच लापू-लापूचा, म्हणजे माक्तान बेटावरच्या सरदाराचा, भलामोठा ब्राँझचा पुतळा आहे. २७ एप्रिल १५२१ ला माक्तानच्या किनाऱ्यावर याच्या माणसांनी मॅगेलनला मारलं. आता तुम्ही कुठल्याही आर्निसवाल्याशी पाच मिनिटं बोला, तो सांगणार की लापू-लापू हीच विद्या वापरून लढला. मॅगेलनबरोबर आलेल्या पिगाफेत्ताने ती लढाई लिहून ठेवलीय, त्यात बांबूचे भाले आहेत, विषारी बाण आहेत, पायावर बसलेला एक मोठ्या तलवारीचा वार आहे, काठीच्या विद्येचं नाव कुठे नाही. मी एकदा गुरोंना हे म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, पायावर वार ना, मग आपला ९ नंबर झाला की. यावर काय बोलणार.

तर नंबर. पण त्याआधी पकड, कारण पकडीवरच पहिला रविवार गेला. काठी अगदी टोकाला धरायची नाही, खालून मूठभर सोडायची, त्या उरलेल्या भागाला पुन्यो म्हणतात, अगदी जवळ आलं की त्यानेही मारतात, आणि समोरचा काठी हिसकायला आला तर तोही तिथेच पकडतो, म्हणजे ती सोय आणि धोका दोन्ही आहे. अंगठा काठीवर सरळ ठेवायची सवय असते आपली, झाडू धरताना ठेवतो तसा, ते बंद. अंगठा बोटांवरून वळवून घ्यायचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट घट्ट, वरची बोटं थोडी सैल. हे वाचायला सोपं आहे, पण दोनशे वार झाल्यावर घामाने हात बुळबुळीत होतो आणि मग सगळीच बोटं घट्ट होतात, आणि सगळी बोटं घट्ट झाली की मनगट अडकतं आणि वार नुसता खांद्यातून येतो. गुरोंना ते लांबून आवाजावरूनच कळतं.

वेतच का याचं उत्तर पहिल्याच महिन्यात मिळतं. वेत आतून भरीव असतो, बांबूसारखा पोकळ नाही, त्यामुळे बांबू फुटतो तशा चिरफळ्या उडत नाहीत, हळूहळू रेशे सुटत जातात आणि काठी झाडूसारखी दिसायला लागते. मग तिला इलेक्ट्रिकवाल्यांची काळी टेप गुंडाळायची आणि अजून थोडे आठवडे चालवायची. हलकी असते म्हणून पार्टनरबरोबर चालते. कामागोंगची काठीपण असते, काळी, जड लाकडाची, दिसायला एकदम भारी, गुरोंकडे एक आहे, पण ती एकट्याने हवेत मारायला. ती कुणाच्या बोटावर बसली तर बोट गेलंच.

आमचे बारा नंबर हे रेमी प्रेसास यांनी सुरू केलेल्या मॉडर्न आर्निस या पद्धतीतले. प्रेसास पण नेग्रोसचेच, हिनिगारानचे, २००१ मध्ये गेले. जुन्या पद्धतीत म्हणे प्रॅक्टिसलाही थेट हातावर मारायचे, समोरच्याचा हात निकामी झाला की विषय संपला या हिशेबाने, मग शिकायला आलेली पोरं सुजलेले हात घेऊन घरी जायची आणि परत यायचीच नाहीत. प्रेसासनी काठीवर काठी मारायची पद्धत पसरवली. माझ्यासारखीच्या दृष्टीने हे फार मोठं काम आहे, सोमवारी मला याच बोटांनी एक्सेल चालवायचं असतं.

तर बारा असे. १ म्हणजे समोरच्याच्या डाव्या कानशिलावर, २ उजव्या. ३ त्याच्या डाव्या दंडा-कोपराच्या उंचीला, ४ उजवीकडे तिथेच. ५ सरळ पोटात खुपसायचं. ६ छातीत डावीकडे खुपसायचं, ७ उजवीकडे. ८ उजवा गुडघा, ९ डावा. १० डावा डोळा, ११ उजवा डोळा, १२ वरून टाळूवर. हे पाठ व्हायला वेळ लागत नाही. मी ट्रेनमध्ये केलं पाठ, शेजारची बाई बघत होती कारण माझा हात आपोआप हलायचा. पण पाठ झालं म्हणजे काही येत नाही, कारण गुरो मधूनच म्हणणार ७, आणि तुम्ही मनातल्या मनात १ पासून मोजत ७ पर्यंत येईपर्यंत समोरच्याने चहा पिऊन झालेला असतो.

आणि नंबर त्याच्या शरीराच्या बाजूने आहेत, आपल्या नाही. म्हणजे १ माझ्या उजवीकडून येतो पण बसतो त्याच्या डावीकडे. हे सुरुवातीला फार छळतं. मला स्वतःला ते तेव्हा सुटलं जेव्हा मी डावं-उजवं सोडून फक्त माझा तळवा कुठे बघतोय एवढंच बघायला लागले. तळवा वर असेल तर वार उजवीकडून चाललाय, मुठीची पाठ वर असेल तर डावीकडून. मग १, ३, ९ हे तिन्ही एकच निघाले, उजवीकडून जाणारे, फक्त उंची वेगळी. २, ४, ८ हे डावीकडून जाणारे, परत तेच. ६ आणि १० एकाच वाटेने जातात, एक छातीवर थांबतो, दुसरा डोळ्यापर्यंत जातो. ७ आणि ११ चं तसंच. उरले ५ आणि १२, एक सरळ आत, एक सरळ खाली. म्हणजे बारा म्हणून जे विकत घेतलं ते खरं पाच-सहाच रस्ते आहेत. आणि मग हेही दिसलं की ८ आधी उजवा गुडघा आणि ९ डावा असं उलटं का, तर ७ मारल्यावर हात आपल्या डावीकडे गेलेला असतो, तिथून सगळ्यात जवळचा डावीकडून येणारा वारच, उगाच हात परत उजवीकडे आणायचा कशाला. ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही, आणि मला वाटतं गुरोंनी मुद्दामच सांगितली नाही.

हवेत मारणं एक आणि टायरवर मारणं वेगळं. गुरो मोटरसायकलचा एक जुना टायर पिशवीतून आणतात, पार्टनरने तो दोन्ही हातांनी छातीपासून लांब धरायचा, आणि दुसऱ्याने मारायचं. हवेत आपण सगळेच शूर. टायर काठी परत फेकतो, आणि तुमची पकड सैल असेल तर काठी हातात फिरते, मनगट वाकडं असेल तर झटका थेट कोपरात. आणि दोन प्रकारे मारायला लावतात, एक म्हणजे आरपार, काठी टायरवरून घसरून पलीकडे गेली पाहिजे, त्याला लोबतिक म्हणतात, आणि दुसरा वितिक, चाबकासारखा, लागला की लगेच परत. वितिक दिसायला सोपा, पण त्यात जीव आणायला मला किती महिने गेले. सगळी ताकद खांद्यातून काढायची सवय असते ना आपली. गुरो म्हणायचे काठी शेवटी येते, आधी मागची टाच फिरते, मग कंबर, मग कोपर, काठीला काही करावंच लागत नाही. टाच फिरायला लागली तेव्हा टायर धरणारा पोरगा पहिल्यांदा एक पाऊल मागे गेला. मी एवढी खूश झाले की पुढचे दहा वार साफ फुकट.

कोपराबद्दल कुणीच आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. दिवसभर माउस, संध्याकाळी काठी, याने बाहेरच्या बाजूचं कोपर दुखायला लागतं, कपसुद्धा उचलवत नाही. डॉक्टरने टेनिस एल्बो सांगितलं. टेनिस मी आयुष्यात खेळले नाही. काही आठवडे टायर बंद, फक्त हवेत, हळू, आणि पाय. आणि हे पाय प्रकरण मी तोवर टाळतच होते, म्हणजे सगळेच टाळतात, कारण काठी हातात असताना पायाकडे कोण बघतो.

गुरो खडूने जमिनीवर त्रिकोण काढतात. टोक आपल्याकडे, दोन कोपरे पुढे डावी-उजवीकडे. टोकावर दोन्ही पाय, वार आला की सरळ मागे नाही जायचं, एका कोपऱ्यावर तिरकं पुढे. पुढे! वार येतोय त्या दिशेला नाही, त्याच्या बाजूने, पण पुढेच. मन म्हणतं मागे सरक, आणि गुरो म्हणतात मागे सरकलीस तर त्याची काठी तुझ्यापर्यंत पोचते पण तुझी त्याच्यापर्यंत नाही, मग काय उपयोग. दुसरा त्रिकोण उलटा, मागे सरकायचा, तोही आहे, पण तो नंतर. कोपर दुखत होतं त्या दिवसांत मी रोज रात्री हॉलमधल्या टाइल्सवर हेच करत होते, हातात लाटणं. रूममेटने पहिल्या दिवशी विचारलं, नंतर सोडून दिलं.

मग पार्टनरबरोबर. एकाने १ ते १२ हळू मारायचं, दुसऱ्याने अडवायचं. इथे सगळं परत शून्यापासून. कारण तोवर सगळं लक्ष उजव्या हातावर, आणि आता कळतं की खरं काम डाव्याचं आहे. त्याला बांताय कामाय म्हणतात, पहाऱ्यावरचा हात. काठीने वार अडवला की त्याच क्षणी डावा हात जाऊन समोरच्याचं मनगट दाबणार किंवा ढकलणार, नाहीतर तो लगेच दुसरा मारणार. नुसती काठीला काठी लावली म्हणजे फक्त आवाज केला. माझा डावा हात सारखा मांडीशी लोंबायचा. गुरोंनी गळ्यात गुड मॉर्निंग टॉवेल अडकवायला लावला, तो पांढरा पातळ टॉवेल इथे प्रत्येक ड्रायव्हरच्या मानेवर दिसतो, आणि त्याचं टोक डाव्या हाताने छातीशी धरून ठेवायचं. हात खाली गेला की टॉवेल ओढला जातो, मानेला कळतं. इतकी स्वस्त आणि इतकी बेस्ट आयडिया मी कुठल्याही जिममध्ये बघितली नाही. पोरगं मला म्हणायचं, आते, तू आता जीपनी, म्हणजे इथली प्रवासी जीप, चालवायला मोकळी.

एकदा गुरो गावाला गेले होते तेव्हा शेजारच्या झाडाखालच्या ग्रुपने बोलावलं, या आमच्यात. गेलो. त्यांच्या मुख्य माणसाने ओरडून ३ म्हटलं, मी कोपराच्या उंचीला मारला, आणि समोरची मुलगी गुडघा वाचवायला खाली गेलेली, कारण त्यांचा ३ म्हणजे खाली. त्यांचे पाचच नंबर आहेत, सिंको तेरोस. दोन तिरके वरून, दोन खालून आणि एक खुपसायचा. नशीब सगळं हळू चाललं होतं. मला आधी वाटलं हे काय, एकाच बागेत एवढा गोंधळ, एक स्टँडर्ड का नाही ठरवत हे लोक. साउथ ईस्ट एशियन गेम्समध्ये २००५ आणि २०१९ ला मेडलं दिली यांनी आर्निसला, म्हणजे नियम तर आहेतच कुठेतरी. पण नियम स्पर्धेपुरते, शिकवणं ज्याच्या त्याच्या काका-आजोबांचं. लुझॉनमध्ये आर्निस, सेबूकडे एस्क्रिमा, परदेशात गेलं की काली, नावापासूनच सुरुवात आहे. आणि त्या दिवशी दोन तास त्यांचे पाच मारून मला माझे बारा जास्त कळले, म्हणजे वर जे पाच-सहा रस्ते म्हटलं ना, ते त्यांनी सरळ नंबर देऊन मोकळे केलेत. मला आता खरंतर पाचवालीच पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. हे आमच्या गुरोंना कुणी सांगू नका.

दोन काठ्यांवर फार नंतर आलो. सिनावली. व्हिडिओंमध्ये सगळे हेच दाखवतात म्हणून सगळ्यांना आधी हेच हवं असतं. सिंगल सिनावली सोपी, उजव्याने वर १, उजव्यानेच परत येताना खाली गुडघ्याला, मग डाव्याने तेच. डबल सिनावलीत गाडी अडते. उजवी काठी उजव्या खांद्यावर, डावी काठी उजव्या काखेत. उजवी मारते, डावी काखेतून उलटी बाहेर येते आणि डाव्या खांद्यावर जाते, मग उजवी परत उलटी मारते. हे तीन. आता दुसऱ्या बाजूने हेच करायचं तर डावी खांद्यावर तयार आहे, पण उजवी? ती डाव्या काखेत पाहिजे, आणि तिसरा वार मारून ती लांब गेलेली असते. तो तिसरा वार मारून काठी काखेत परत आणणं, ते कुठल्याच मोजणीत येत नाही, सहा आकड्यांच्या मध्ये कुठेतरी ते लपलेलं असतं, आणि तिथेच सगळे अडकतात. एकदा जमलं की मात्र थांबता येत नाही. जोरात चालली की वेतावर वेत घासून जळका वास येतो, खरंच, फटाके उडवल्यावर येतो तसा नाही, लाकूड करपल्यासारखा, आणि आजूबाजूला ताहोवाला, म्हणजे सोयाबीनचा गोड पदार्थ विकणारा, वगैरे उभा राहून बघतो.

आईला व्हिडिओ पाठवला तर आई म्हणाली, एवढ्या लांब जाऊन दांडिया शिकतेस? ऑफिसमधला गुजराती पोरगाही हेच म्हणाला. दिसतंच तसं, पण फरक मोठा आहे. दांडियात काठीवर काठी मारायची असते, टिपरी वाजली पाहिजे. इथे मी काठीला मारतच नाही, मी त्याच्या कानशिलाला मारते आणि तो माझ्या, दोघांचं लक्ष्य सारखं म्हणून काठ्या मध्ये भेटतात. पोरगं कंटाळलं की नुसतं काठीला काठी लावायला लागतं, तेव्हा आवाज येतो पण मला काही वाचवावं लागत नाही. गुरो मग येऊन त्याला सांगतात, हिच्या डोक्याला मार. आणि तो मारतो, हळू पण खरा, आणि माझे हात एकदम जागे होतात.

आता गेले काही रविवार नवीन काम आहे. सगळे बारा डाव्या हाताने. आणि यात एक भांडण चालू आहे. डाव्या हाताने माझ्या डावीकडून निघणारा वार मारला तर तो समोरच्याच्या उजव्या कानशिलावर बसतो, म्हणजे नंबर २ ची जागा. मग त्याला १ म्हणायचं का २? गुरो म्हणतात १, कारण तुझ्या हाताला तो १ आहे. पोरगं म्हणतं शाळेत सरांनी सांगितलंय नंबर जागेचा असतो, म्हणून २. दोघंही ऐकत नाहीत. गुरो १ ओरडले की मी एका बाजूने मारते, पोरगं दुसऱ्या बाजूला अडवायला तयार, आणि त्याच्या कानाजवळ काठी थांबवायची जबाबदारी माझी, ती पण डाव्या हाताने.